चांदवडच्या गाडीतले हार

गप्प बसणाऱ्या बाईच्या शेजारी बसायला लोकांना फार आवडतं. मी स्वतःहून कुणाशी बोलत नाही. तिकीट काढताना गावाचं नाव इतकं हळू सांगते की कंडक्टरला वाकून पुन्हा विचारावं लागतं. पण शेजारी माणूस येऊन बसलं, की दुसरा थांबा यायच्या आत त्याला कळतं, ही ऐकणारी आहे. मग ते सुरू होतं.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. फुलं घेऊन बाजारात जायचं, कधी सिन्नरला नणंदेकडे, कधी चांदवडला माहेरी. सगळं एसटीनं नाहीतर जीपनं. त्या प्रवासात मी काय काय ऐकलं. एका गृहस्थांनी पंचवटीपासून ओझरपर्यंत आपल्या मूळव्याधीची हकिगत सांगितली, कोणकोणते वैद्य झाले, कोणी काय खायला दिलं, आणि उतरताना मला म्हणाले, तुमच्याशी बोलून बरं वाटलं. मी हं आणि अरेरे याशिवाय एक शब्द बोलले नव्हते. सिन्नरच्या गाडीत एका नवीन लग्न झालेल्या पोरीनं मला कानात सांगितलं की तिला दिवस गेलेत. घरात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला. ती उतरली आणि खिडकीखालून म्हणाली, येते मावशी. नाव ना गाव, पण तिला मुलगा झाला का मुलगी, हे माझ्या अजून मनात येतं.

आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, तुझ्या तोंडाला कुलूप आहे ना, म्हणून लोक आपलं सामान तुझ्याकडे ठेवायला येतात.

माहेरी मला सगळे मुकी म्हणत. रागानं नाही, सवयीनं. कुठलीही गोष्ट ठरवायची असली की माझ्या बहिणी बोलायच्या, भाऊ बोलायचा, वहिनी बोलायच्या आणि मी चहाचे कप उचलायची. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही तसंच चाललं होतं. वरमालांचा विषय निघाला. वहिनींना नाशिकच्या बाजारातले जरीचे हार हवे होते. तेव्हा नवीनच निघाले होते, चकचकीत, टिकल्या लावलेले. सुकत नाहीत, लग्नानंतर कपाटात ठेवता येतात, असं वहिनींचं म्हणणं. भाची मध्येच म्हणाली, मला आत्याच्या हातचे हार पाहिजेत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कप होते.

मी म्हणाले, "आणीन."

वहिनी म्हणाल्या, "आणा हो ताई. पण मी आपले जरीचेही आणून ठेवते. गाडीघोड्याचा काय भरवसा. मुहूर्त दुपारचाच आहे, तुमचे आले तर तुमचे, नाही आले तर हे."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वहिनींचा स्वभावच असा, पावसाळ्याचं लाकूड उन्हाळ्यात भरून ठेवणारा. पण ते माझ्या मनाला लागून राहिलं. माहेरात मी चारचौघांत तोंडातून काढलेला तो एकच शब्द, आणि त्यालाही लगेच दुसरा जोड आणून ठेवलेला.

हळदीला आमच्या घरचे सगळे आदल्या दिवशीच पुढे गेले. मी एकटी मागे राहिले. गुलछडी आदल्या दिवशी ओवली की पाकळ्यांना तांबूस कड येते. पहाटे तोडली, ओवली, तर लग्न लागेपर्यंत दुधासारखी राहते. मी कंदिलाच्या उजेडात कळ्या खुडल्या आणि दोन हार ओवले. बोटभर जाड, मध्ये मध्ये लाल गुलाब, खाली गुलाबांचा गोंडा. दोन्ही हार धरून मापले, अगदी जोड झाले होते. पाटीत ओलं फडकं घातलं, त्यात हार निजवले, वरून पुन्हा ओलं फडकं. दोरा आणि सुई कनवटीला लावली, वाटेत एखादा टाका सुटला तर असावी म्हणून.

आडगाव नाक्यावर चांदवडची गाडी मिळाली. गाडी भरलेली होती, पण एका म्हातारीनं माझी पाटी पाहून सरकून जागा केली. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, पायाशी एक गोणपाटाची पिशवी. मी पाटी मांडीवर घेऊन बसले.

म्हातारीनं लगेच विचारलं, कुठं निघालीस पोरी. मी सांगितलं, भाचीच्या लग्नाला. मग तिनं तिच्या तीन सुनांचं सांगायला घेतलं. थोरलीला स्वयंपाक येतो पण वाढता येत नाही. मधलीला वाढता येतं पण तिला जेवायला कोणी बोलावत नाही इतकी तिची जीभ वाईट. धाकटी गुणाची, पण ती माहेरीच जास्त असते. ती म्हणाली, "गुणाची हाय म्हनूनच माहेरी ऱ्हाती. हितं आली आसती तर बिघडली आसती." मला हसू आलं. ती बोलायची अशी की शेजारचे लोकही कान देऊन होते.

आडगाव मागे पडलं तेव्हा तिचं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं. फडक्याचं पाणी झिरपून माझ्या लुगड्यावर ओल आली होती. ती म्हणाली, पाटी खाली ठेव, अंग ओलं ऱ्हायलं तर लग्नात शिंकत बसशील. लग्नाची फुलं पायाशी ठेवायची नसतात. हे मला तिला सांगायचं होतं. पण वडीलधाऱ्या माणसानं काही सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही. मी पाटी खाली ठेवली. मग फुलांना पाय लागू नये म्हणून मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसले. म्हातारीनं ते पाहिलं. तिला फुलांची रीत ठाऊक होती. तिनंही आपले पाय वर घेतले. म्हणजे आता पाटीजवळ कुणाचाच पाय नव्हता. फक्त म्हातारीची गोणपाटाची पिशवी होती.

ओझर गेलं. म्हातारी धाकट्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत आली होती. मधूनच पाटी जराशी हलल्यासारखी वाटायची. मला वाटलं, गाडीचे धक्के. खालून काहीतरी कुरकुर आवाज येत होता. मला वाटलं, गाडी जुनी आहे. म्हातारी मधूनच पिशवीवर पदर टाकायची आणि कंडक्टर आला की जास्तच मोठ्यानं बोलायची. मला वाटलं, स्वभाव.

मग ती बोलता बोलता थांबली. तिनं खाली पाहिलं, म्हणून मीही पाहिलं.

पिशवीच्या तोंडातून एका करडाचं डोकं बाहेर आलं होतं. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. ते माझ्या पाटीत गेलं होतं. फडकं बाजूला पडलेलं आणि करडाच्या तोंडातून गुलछडीचा एक पदर लोंबत होता. ते शांतपणे चावत होतं आणि आमच्याकडे बघत होतं. गुलाब आधीच संपवले होते.

मला ओरडता आलं नाही. ओरडायलाही सवय लागते. मी पाटी वर ओढली एवढंच. एका हाराचा गोंडा गेला होता, अर्ध्याहून जास्त हार चावून ओला झाला होता. दुसऱ्याचेही सगळे गुलाब गेले होते. मी ते दोन्ही हार हातात धरून बसले. डोळ्यांपुढे एकच येत होतं, वहिनींनी ताटात काढून ठेवलेले जरीचे हार.

म्हातारीला कळलं होतं, काय झालंय ते. नातीला द्यायला तिनं करडू पिशवीत घालून, पदराखाली लपवून आणलं होतं. कंडक्टरला कळलं असतं तर त्यानं वाटेत उतरवून दिलं असतं, निदान चार शब्द तरी ऐकवले असते. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, कारण मी तर काही बोलणार नव्हतेच. पण तिनं हात वर केला.

"मास्तर, हिकडं या. माझ्या करडानं हिच्या लग्नाचा हार खाल्ला."

सगळी गाडी मागे वळली. कंडक्टर उंच, पिकल्या मिशांचे होते. ते आले, त्यांनी पिशवीत पाहिलं, माझ्या हातातल्या हाराकडे पाहिलं आणि म्हातारीला विचारलं, "आजी, हे कोण?"

"नातीचं हाय."

"नातीचं असू द्या. हे इतका वेळ माझ्या गाडीत आहे आणि मला त्यानं रामराम केला नाही." मग मला म्हणाले, "लग्न तुमचं?"

लोक हसले. म्हातारीनंच सांगितलं, हिच्या भाचीचं, दुपारचा मुहूर्त, चांदवडला. तिनं हार स्वतः ओवलेत, हेही सांगितलं. हे मी तिला कधी सांगितलं ते मला आठवेना. बहुतेक हं म्हणण्यातूनच तिनं काढून घेतलं असेल.

मग गाडीत चर्चा सुरू झाली. पुढच्या बाकावर एक टोपीवाले बाबा होते, कांद्याचे पैसे करून गावी निघालेले. त्यांचं म्हणणं, नासलेला तेवढा भाग तोडावा आणि बाकीचा हार तसाच घालावा. शेजारी पांढऱ्या साडीतल्या एक नर्सबाई होत्या, वडाळीभोईच्या दवाखान्यात कामाला. त्या म्हणाल्या, अहो, शेळीचं उष्टं आहे ते. बाबा म्हणाले, "देवाला नाही चालायचं. लग्नाला चालतं. लग्न झाल्यावर जन्मभर एकमेकांचं उष्टंच खायचं असतं." त्यावर मागच्या बायका हसल्या, आणि मध मधमाशीचं उष्टं असतं ते कसं चालतं, यावरही कोणीतरी दोन शब्द बोललं. बाबांनी मला विचारलं, "काय म्हणते पोरी? चालंल का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझे कान तापले. चालेल म्हटलं असतं तर सुटले असते. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी म्हणाले, "नाही चालणार. मी चांगले आणीन म्हणाले होते."

कंडक्टर म्हणाले, मग सांगा, काय करायचं. काय करायचं ते मला ठाऊक होतं, फक्त ते मोठ्यानं सांगायचं होतं. मी सांगितलं. चावलेला भाग टाकून द्यायचा. दोन्ही हार सोडायचे, चांगल्या कळ्या वेगळ्या करायच्या आणि त्यातून दोन नवे ओवायचे. लांबी कमी होईल, पण दोघांचे सारखे होतील. नवरा-नवरीचे हार जोडच असावे लागतात. एक मोठा, एक छोटा असं नको.

"सुई एकच आहे," मी म्हणाले.

म्हातारीनं गोणपाटात खोचलेलं दाभण काढून दिलं. ते मी परत दिलं, त्यानं कळी फुटली असती. नर्सबाईंनी पर्स उघडली. त्यांच्याकडे सुई होती, शिवणाची. त्या म्हणाल्या, माझे टाके पक्के असतात, काळजी करू नका. म्हातारीनं आपला धुतलेला पदर पसरला, त्यात हार सोडून कळ्या ओतल्या. बाबा आणि मागच्या बायका कळ्या निवडून आम्हाला द्यायला लागल्या. बाबा प्रत्येक कळी नाकाजवळ नेत. मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग म्हणाले, "बाबा, वास घ्यायचा नसतो." ते हात आखडून म्हणाले, चुकलं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, मघाशी उष्टं चालत होतं, आता वासही चालेना. बाबा टोपी सारखी करून गुपचूप कळ्या निवडायला लागले.

गाडी पिंपळगावच्या स्टँडवर थांबली. तिथं उतरणाऱ्या एका माणसाच्या हातात मूठभर कळ्या होत्या, त्यानं त्या चढणाऱ्या माणसाच्या हातात दिल्या आणि सांगितलं, हे लग्नाचं आहे, सांभाळा. त्या नव्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. तो ओंजळ धरून उभा राहिला. एका विणेकरी बाबांनी काही न विचारता आपल्या पिशवीतून दोन गुलाब काढून दिले, देवाला नेत होते म्हणाले. कुठल्या देवाला ते मी विचारलं नाही.

खरी गंमत शिरवाड्याच्या पुढे झाली. ओवलेला हार मांडीवर चुरगळत होता, म्हणून टोपीवाले बाबा उठले आणि त्यांनी त्याचं एक टोक वरच्या दोरीला बांधलं, म्हणजे लोंबता राहील आणि ओवायला सोपं जाईल. ती दोरी घंटीची होती. मी एक कळी ओढली, पुढे टण्ण झालं आणि ड्रायव्हरनं गाडी उभी केली. कोणी उतरेना. कंडक्टरनं दोनदा वाजवून गाडी चालू केली. नर्सबाईंनी गाठ आवळली, पुन्हा टण्ण. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "मास्तर, उतरायचंय का नाही उतरायचं, एकदा ठरवा."

कंडक्टर म्हणाले, "हार उतरतोय हळूहळू. तू चाल."

तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि हार दोरीवरून सोडून खिडकीच्या दांडीला बांधला.

खडकजांबच्या आसपास कळ्या संपल्या. दोन्ही हार मी एकत्र धरले. नर्सबाईंचा माझ्यापेक्षा जरा आखूड भरला. मी माझ्यातल्या कळ्या काढून सारखे केले. दाट झाले होते, टपोरे, पण लांबीला मूळच्या अर्ध्याहून थोडेच जास्त. दोन गुलाब दोन हारांच्या मधोमध बसले. नर्सबाईंनी मान वर केली तर वडाळीभोई मागे पडलं होतं. त्यांचा थांबा गेला होता. मी घाबरले. त्या म्हणाल्या, जीपनं येईन परत, पेशंट काय सकाळचेच बसलेले असतात, आज थोडे जास्त बसतील.

चांदवडला उतरताना कंडक्टर करडाकडे बघून म्हणाले, "आजी, ह्याला पोटभर जेवायला घातलंत, आता पाणी पाजा." तिकिटाचं काही बोलले नाहीत. म्हातारीनं माझ्या गालांवरून बोटं उतरवली आणि कडाकडा मोडली. ती नातीकडे गेली, मी मांडवाकडे. चालत जाण्याइतकंच अंतर होतं, पण मंगलाष्टकं रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

मांडव खचाखच भरलेला. मागच्या बाजूला पुरुष उभे, एकमेकांना खेटून. एरवी मी अशा वेळी खांबाजवळ थांबते. कोणी ओळखीचं वळून पाहीपर्यंत थांबते, नाहीतर अक्षता तिथूनच टाकते. त्या दिवशी तसं झालं नाही. सबंध गाडी ओझरपासून माझ्याकडे बघत होती, त्यामानानं मांडवातले निम्मे तर माझे नातेवाईकच होते.

"सरका," मी म्हणाले. "नवरीचे हार आहेत."

वाट झाली. मी पाटी घेऊन पुढे गेले. अंतरपाट धरलेला होता. वहिनींच्या हातात ताट होतं आणि ताटात जरीचे हार. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, पाटीवरचं फडकं उचलून पाहिलं. मग त्यांनी ताटातले हार काढून पाठीमागे कुणाच्या तरी हातात दिले आणि माझे त्यात ठेवले. भाची मुंडावळ्यांतून बघत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अंतरपाट दूर झाला. भाचीनं हार उचलला, नवऱ्या मुलानं मान वाकवली, पण हार फेट्याच्या तुऱ्यात अडकला आणि खाली येईना. त्यानं आणखी मान वाकवली. तरी येईना. शेवटी त्याच्या मामांनी फेटा उचलला, हार गळ्यात पडला, फेटा पुन्हा चढवला, आणि तोवर लोकांच्या अक्षता दोनदा टाकून झाल्या होत्या. सगळा मांडव हसत होता. नवरा मुलगाही हसत होता. दुधासारखे पांढरे हार, छातीपर्यंतच आलेले.

जेवणं उरकल्यावर आम्ही बायका आतल्या खोलीत टेकलो. भाचीनं गळ्यातला हार काढून नवऱ्या मुलाच्या हारासकट वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी दोन्ही हार ताटात ठेवले, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि त्यांच्यावर बोटांनी पाणी शिंपडू लागल्या, सासरी जाईपर्यंत टिकावेत म्हणून.

शिंपडता शिंपडता त्यांनी विचारलं, "ताई, दाट किती ओवलेत. पण एवढे आखूड का हो?"

मी सांगायला सुरुवात केली. करडाचं डोकं पिशवीतून बाहेर आलं तिथपर्यंत आले आणि वहिनींनी मला थांबवलं. त्यांनी दाराशी जाऊन माझ्या बहिणींना हाक मारली, जाऊबाईंना बोलावलं, भांडी घासणाऱ्या बायकांनाही बोलावलं, आणि दार लोटून माझ्या समोर येऊन बसल्या.

"हां," त्या म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांगा."

मी पाय वर घेतले, मांडी घातली आणि पुन्हा आडगाव नाक्यापासून सुरू केलं.